धूर केव्हा येतो?

फियाट धूर मारायला लागली म्हणून मालक ती गॅरेजात घेऊन आला, तर जुना मिस्त्री लगेच बॉनेट उघडत नसे. आधी विचारपूस व्हायची. सकाळी पहिल्या स्टार्टला मारते की गाडी तापल्यावर? चढावर की उतारावर? उभी असताना की ॲक्सिलरेटर दाबल्यावर? ऑइल किती दिवसांनी टाकावं लागतं? रेडिएटरचं पाणी कमी होतं का? धुराचा रंग या चौकशीत फारसा येत नसे, कारण तो समोर दिसतच होता. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी, एवढं गणित केरोसीनमध्ये पार्ट धुणारा नवा पोरगाही थोड्याच दिवसांत शिकायचा. त्यापुढची विद्या वेळेची होती. धूर कोणत्या क्षणी येतो, यावरून इंजिनाचा कोणता भाग झिजलाय ते ठरायचं आणि मालकाचा खर्च दोन-चारशे रुपयांत भागणार की इंजिन उतरवावं लागणार, हेही त्यावरूनच ठरायचं.

ही विद्या एखाद्या पुस्तकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिलेली नाही. हाताखाली काम करता करता ती उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. ज्या शहरांत गाड्या पंचवीस-तीस वर्षं चालवाव्या लागल्या तिथे ती सर्वांत जास्त पिकली आणि त्या शहरांत मुंबईचा क्रमांक फार वरचा आहे.

रस्त्यावरच्या धुराकडे कायद्याचं लक्ष मात्र मोटारीच्या जन्मापासूनच होतं. १८९६ साली ब्रिटिश संसदेने घोड्याविना चालणाऱ्या हलक्या गाड्यांना रस्ता मोकळा करून दिला, तेव्हाच अट घातली: गाडीतून धूर किंवा डोळ्यांना दिसेल अशी वाफ निघता कामा नये, तात्पुरतं किंवा अपघाती कारण असेल तरच सूट. प्रत्यक्षात त्या काळच्या गाड्यांना ही अट पाळणं अवघड होतं. ऑइल थेंबाथेंबाने किंवा शिंतोड्यांनी इंजिनात सोडलं जाई आणि त्यातलं बरंचसं जळून मागच्या नळीतून बाहेर पडे. चार्ल्स नाइट या अमेरिकी संशोधकाचं स्लीव्ह-व्हॉल्व्ह इंजिन इंग्लंडच्या डेम्लर कंपनीने १९०० च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारलं ते त्याच्या शांतपणामुळे. त्या श्रीमंती गाड्यांमागे निळसर धुराची रेघ असायची आणि ती बिघाडाची खूण मानली जात नसे, कारण सरकत्या बाह्यांना भरपूर ऑइल लागायचंच. निळा धूर हा दोष ठरण्यासाठी आधी ऑइल अडवणारी यंत्रणा सुधारावी लागली. जॉन रॅम्सबॉटमने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी केलेली चिरलेली धातूची रिंग मोटारीच्या पिस्टनवर आधीपासून होतीच. पुढे तिच्या खाली ऑइल खरवडून परत पाठवणारी खाचांची रिंग आली आणि त्यानंतर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर सीलही आले. मग निरोगी गाडी धूर मारत नाही, अशी अपेक्षा रूढ झाली.

धूर मोजण्याची पद्धतही जवळपास मोटारीच्या जन्माच्याच काळातली. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच कृषी-अभियंत्याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस एक साधा तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीपेक्षा दुसरी दाट; दुरून पाहिल्या की करड्या रंगाच्या चढत्या छटा दिसतात. धुराड्यातून निघणारा धूर कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचं आणि आकडा लिहायचा. १९१२ मध्ये मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाचा स्वतंत्र कायदा झाला, तोही भट्ट्या आणि धुराडी यांच्यासाठीच. गिरण्यांच्या शहराला त्याची गरज होती. पण या सगळ्या व्यवस्थेचा प्रश्न ‘धूर किती?’ एवढाच होता. तो का निघतो, हे शोधणं मालकावर सोडलेलं होतं. पुढे मोटारींच्या बाबतीतही सरकार आणि गॅरेज यांच्यातली ही वाटणी टिकून राहिली.

मुंबईत मोटार-टॅक्सी १९११ मध्ये आली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली. १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. देशातच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना इथे जागा नाही, असं सरकारी धोरण पन्नासच्या दशकात ठरलं तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मागे राहिलेल्या मोजक्या गाड्यांत कुर्ल्याची फियाट ११०० होती. हीच गाडी थोड्याफार बदलांनी सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि तिच्या काळ्या-पिवळ्या रूपाने मुंबई व्यापली. बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर तिची एकमेव मोठी स्पर्धक होती.

नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढणं परवडत नसे. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं; प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. तो झिजून लंबगोल झाला की ब्लॉक मशीनवर चढवून बोर करायचा आणि मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या. ती मापं संपली की ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचं. एकेका ब्लॉकने अशी दोन-तीन आयुष्यं काढली. या कामावर ऑपेरा हाऊसची पार्टची दुकानं, कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्याची नाना पेठ आणि कोल्हापूरचं उद्यमनगर यांचा मोठा धंदा चालला. बोर केलेल्या इंजिनाच्या रिंगा नीट बसेपर्यंत गाडी थोडा धूर मारणार, हे गृहीतच असे. पहिले हजारेक किलोमीटर ती हळू चालवा, असं मिस्त्री बजावून सांगत.

मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरचा बोरघाट हा या विद्येसाठी जणू बांधून ठेवलेला चाचणी-रस्ता होता. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे अर्धा किलोमीटर उंची चढते. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून, प्रवासी आणि सामान यांच्यासह चढताना जर मागे निळा धूर सतत येत राहिला, तर संशय रिंगांवर. सिलिंडरमधला दाब झिजलेल्या रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये उतरतो आणि तिथलं ऑइल वर येऊन जळतं. अशा गाडीचं ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर काढलं की तिथूनही वाफाळ धूर फुसफुसतो. चढ चढताना काहीच दिसलं नाही, पण खंडाळ्याहून उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आणि खाली सपाटीला लागून पुन्हा दाबताच निळा ढग मागे सुटला, तर रिंगा ठीक आहेत. दोष व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये किंवा सीलमध्ये. उतारावर थ्रॉटल बंद असतं, इंजिन मात्र चाकांच्या जोरावर फिरत असतं. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि वरच्या हेडमधलं ऑइल सैल गाइडमधून खाली खेचलं जातं. ते तिथे साठतं आणि पाय दाबला की एकदम जळतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी पहिल्या स्टार्टला निळी फुंकर टाकून मग गप्प बसणं, हाही त्याच रोगाचा दुसरा पुरावा. ऑइल रात्रीतून थेंबाथेंबाने व्हॉल्व्हवरून उतरलेलं असतं.

निळा रंग दोन्ही वेळा तोच. वेळ वेगळी म्हणून खर्च वेगळा. गाइड आणि सील यांच्यासाठी नुसतं हेड उतरवून भागतं, रिंगांसाठी पिस्टन बाहेर काढावे लागतात आणि बोर झिजला असेल तर पूर्ण इंजिन खाली येतं. एखाद्या टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने हा फरक म्हणजे दोन दिवसांचं भाडं बुडणं की दोन आठवड्यांचं, असा होता. ही पारख ज्याला जमली त्या मिस्त्रीकडे लोक लांबून गाड्या आणत, ते उगाच नव्हे.

पांढऱ्या धुराचा घाटाशी आणखी घट्ट संबंध आहे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. मे महिन्यात घाटात गाडी उकळली आणि तशीच पुढे रेटली, की हेड वाकडं होतं, गॅस्केट फुटतं आणि पाण्याच्या वाटेचं सिलिंडरशी थेट नातं जुळतं. मग मागून दाट पांढरी वाफ येते आणि गाडी तापली तरी थांबत नाही. डिसेंबरच्या सकाळी नाशिकला किंवा पुण्याला निरोगी गाडीच्याही सायलेन्सरमधून वाफ निघते, पण सायलेन्सर गरम झाला की ती नाहीशी होते. इथेही निकाल वेळेनेच लागतो. परदेशी पुस्तकं सांगतात की कूलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो. तो वास ग्लायकॉलचा. मुंबईच्या बहुतेक टॅक्सींच्या रेडिएटरमध्ये नळाचं साधं पाणी असे, म्हणून मिस्त्रीला नाकाचा उपयोग नव्हता. तो रेडिएटरचं झाकण गार इंजिनावर उघडून मग गाडी चालू करी आणि बुडबुडे येतात का पाही. मग ऑइलची काडी ओढून बघे. तिच्यावरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी ऑइलमध्येही शिरलेलं असे.

काळा धूर हा या तिघांत सर्वांत कमी भीतीचा, कारण तो बहुधा इंजिनाच्या बाहेरच्या कारणांनी येतो. हवेचा फिल्टर धुळीने भरलेला, चोकची तार अडकलेली, कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई झिजून पेट्रोल ओसंडतंय, जेट खरवडून मोठा झालाय. तरीही एक फसवी गोष्ट यात आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथली हवा मुंबईच्या मानाने सुमारे आठव्या हिश्शाने विरळ असते. कार्ब्युरेटर ते ओळखत नाही, पेट्रोल जवळपास आधीसारखंच सोडत राहतो आणि मुंबईत ठणठणीत असलेली गाडी वर गेल्यावर जड चालते आणि काळपट धूर टाकते. अशा वेळी तिथेच स्क्रू फिरवून घेणाऱ्या मालकाची गाडी परत खाली आली की झटके देते आणि तापते. जाणता मिस्त्री म्हणे, खाली उतरा आणि मग बघू.

या सगळ्या अंदाजांची खातरजमा करण्याचे उपायही साधेच, पण पक्के होते. ॲम्बॅसडरला पुढून हँडल मारायची सोय होती. एकेक सिलिंडरचा प्लग लावून बाकीचे काढायचे, हँडल हळू फिरवायचं आणि कोणत्या सिलिंडरला हाताला जोर लागत नाही ते पाहायचं. दाब मोजायचा गेज असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे दोष खाली आहे. वाढला नाही तर तो वर, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. चारही प्लग ओळीने ठेवले की तेही बोलतात: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट थर म्हणजे ऑइल, फिकट विटकरी रंग म्हणजे सगळं ठीक. एकच प्लग तेलकट आणि तीन कोरडे असतील तर बिघाड एका सिलिंडरपुरता आहे, हे कळून मालकाचे बरेच पैसे वाचत.

आणि खरं कौशल्य इंजिन न उघडण्यात होतं. निळा धूर मारणाऱ्या प्रत्येक गाडीचं इंजिन गेलेलं नसतं. क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी चिकटाने बुजली, तर आतला दाब वाढून ऑइल नको तिथे चढतं. ती नळी साफ करायला जवळपास काहीच पैसे लागत नाहीत. ऑइल काडीवरच्या खुणेच्या वर भरलेलं असलं तरी तेच होतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल खाली ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि रिंगांवरून सहज वर येतं. काडीचा वास घेतला की ते लगेच कळतं. रेशनचं निळं केरोसीन पेट्रोलमध्ये मिसळून चालवलेल्या गाडीचंही ऑइल असंच पातळ होतं. ही साधी कारणं न तपासता रिंगा टाकायला निघालेलं गॅरेज मालकाचं नुकसान करतं. चांगल्या उस्तादाचा लौकिक अशी घाई न करण्यावर उभा असे.

नव्वदच्या दशकात ही सगळी परिभाषा हळूहळू बदलू लागली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५ व्या नियमाने धुराला आकड्यांत बांधलं: चारचाकी पेट्रोल गाडीने आयडलवर कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, डिझेलचा धूर ६५ हार्ट्रिज युनिटच्या आत असावा. नव्या गाड्यांसाठी १९९१ पासून उत्सर्जनाची मानकं आली. पुण्यात १९६६ पासून काम करणारी एआरएआय ही संस्था या चाचण्यांचं मोठं केंद्र बनली. रस्त्याकडेच्या छोट्या व्हॅनमध्ये प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, मिळू लागलं. हे आवश्यकच होतं, कारण शहरांतली माणसं तीच हवा श्वासात घेत होती. पण पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी उभ्या गाडीवर, आयडलवर होते. चढावर निळा धूर ओकणारी, रिंगा गेलेली पद्मिनी आयडलचा स्क्रू थोडा आवळून ती चाचणी पास होऊ शकत होती आणि होतही होती. ज्या क्षणी दोष बोलतो, तो क्षणच त्या चाचणीत नव्हता. २००४ मध्ये जळू न शकलेल्या हायड्रोकार्बनचीही मोजणी सुरू झाली, त्याने थोडा फरक पडला.

नव्वदच्याच दशकात पेट्रोलही बदललं. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभरातून गेलं. शिशाच्या पेट्रोलवर चाललेल्या निरोगी गाडीची मागची नळी आतून करडी, फिकट असायची. शिसं गेल्यावर तीच निरोगी गाडी नळी काळपट ठेवू लागली. जुन्या नजरेच्या मिस्त्रींना काही काळ प्रत्येक गाडी पेट्रोल जास्त खाते असं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. प्लगच्या रंगाची जुनी पट्टीही तेव्हा थोडी सरकली.

१९९९ मध्ये धुराने त्रस्त मुंबईकरांच्या मंचाची याचिका मुंबई उच्च न्यायालयात उभी राहिली. परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींसमोर दोन पर्याय ठेवले: स्वच्छ इंधन किंवा निवृत्ती. शहरात महानगर गॅसचं जाळं तयार होत होतं. काही वर्षांत पद्मिनींच्या डिकीत सिलिंडर आले. सीएनजी जळताना काजळी जवळपास होत नाही, म्हणून काळा धूर या टॅक्सींमधून गेला. मिथेनमध्ये हायड्रोजन जास्त, म्हणून पाण्याची वाफ पेट्रोलपेक्षा जास्त होते आणि सकाळी धडधाकट टॅक्सीचीही नळी पांढरी फुंकर टाकून थेंब गाळू लागली. पांढऱ्या धुराने घाबरून गॅरेजात आलेल्या मालकाला आता आधी समजावून परत पाठवावं लागे. निळा धूर तेवढा जुन्या अर्थाने उरला, कारण रिंगा गॅसवरही झिजतातच.

पद्मिनीचं उत्पादन शतक संपता संपता थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि टॅक्सींसाठीच्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. आज रस्त्यावरची बहुतेक वाहनं बीएस-४ किंवा २०२० पासूनच्या बीएस-६ मानकांची आहेत. मिस्त्रीच्या हातात स्कॅनर आहे. पी०१७२ असा कोड आला की मिश्रणात इंधन जास्त आहे हे तो सांगतो, जुन्या काळी त्याच गोष्टीसाठी काळा धूर पाहावा लागे. पण व्हॉल्व्हचे सील गेलेत, असं सांगणारा कोड स्कॅनरमध्ये नाही. शिवाय थोडंफार ऑइल जळलं तरी कन्व्हर्टर त्याचा निळेपणा बराच काळ लपवून ठेवतो, तोवर त्याच ऑइलमधल्या फॉस्फरसने स्वतः निकामी होत जातो. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर काळा धूर बाहेरच येऊ देत नाही.

म्हणून नव्या गाडीच्या मालकालाही महिन्यातून एकदा, गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन थंड असताना ऑइलची काडी पुसून पुन्हा घालून पाहावी लागते आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा लागतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये पातळी कमाल खुणेवरून किमान खुणेपर्यंत उतरली, तर धूर दिसो वा न दिसो, पहिल्या स्टार्टला गाडीमागे उभं राहून पाहायची वेळ आलेली असते.